मोठी प्रेस थांबल्यावर

या घरात कुणी भांडत नव्हतं, तरी गल्लीतून जाणाऱ्याला वाटायचं की आत हाणामारी चाललीय. खाली पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, वर घर. पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसच्या दणदणाटावर मात करून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे जेवताना मीठ मागायचं तरी माणूस असं ठणकावून मागायचा की नवख्याच्या हातून मिठाची बरणी पडावी. सूनबाईच्या हातून लग्नानंतर पहिल्याच दिवशी ती पडलीही होती.

सूनबाई घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी वडील घड्याळ कानाशी धरायचे तेव्हा घरातली माणसं श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. तिथून ही पोरगी आली ती थेट मोठ्या प्रेसच्या डोक्यावर. पहिले काही दिवस तिला वाटलं घर कोसळतंय. मग एका सकाळी सासू खोलीत आली, तिच्या हातात कापसाचे दोन बोळे ठेवले आणि म्हणाली, "आमच्या कानांचं व्हायचं ते होऊन गेलं. तुझे सांभाळ." हे सासूने हळू सांगितलं होतं, म्हणजे तिच्या मानाने हळू, खालच्या कामगारांना ऐकू गेलंच. पण सूनबाई ते बोळे कधी विसरली नाही.

सासूला सगळी गल्ली मुकादमबाई म्हणायची. सासरे होते तेव्हा गिऱ्हाइकं बघायचे, कारखाना बघायची सासू. कुठल्या मशीनवर कोण, कुणाचं लक्ष आज जाग्यावर नाही, कुठल्या प्रेसचा साचा बदलायला झालाय, सगळं तिच्या नजरेत. आता त्याच मुकादमबाईंना अल्झायमर झाला होता. त्या वरच्या खोलीत बसून असायच्या, आणि खोली नेमकी मोठ्या प्रेसच्या डोक्यावर. दर ठोक्याला कपाटावरचे पेले हलायचे आणि त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची. मुलाला त्या ओळखत नव्हत्या. "पाहुणे" म्हणायच्या. "पाहुणे, चहा झाला का?" असं विचारायच्या, आणि तो पाहुणा आपल्याच घरात मान खाली घालून हो म्हणायचा.

गोष्ट चिघळली ती ताईमुळे. ताई म्हणजे सूनबाईची नणंद, मुकादमबाईंची थोरली. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज येऊन आईला भरवायची, हे तिचं श्रेय कबूल करायलाच हवं. एके दुपारी खाली जाड पत्र्याचं काम चालू होतं. ताईने घास पुढे केला आणि मुकादमबाईंनी ताट उचलून भिरकावलं. ताईच्या कपाळाला खोक पडली.

"आता बास," ताई म्हणाली. कपाळाला रुमाल लावून ती सोफ्यावर बसली होती. "मी चौकशी करून ठेवलीय. गावाबाहेर संस्था आहे, चांगली आहे. पहिल्या तारखेला जागा होतेय."

"जाऊ दे तिला," सूनबाईचा नवरा म्हणाला. एवढं बोलून तो खाली निघून गेला. त्याला रडू येत असलं की तो नेहमी खालीच जायचा, कारण तिथे रडलेलं कुणाला ऐकू येत नाही.

सूनबाईने मात्र मनात पक्कं केलं, की ही बाई या घरातून जाणार नाही. आणि गेलीच तर आधी मी हातपाय हलवून बघितल्याशिवाय नाही.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिने एक गोष्ट हेरून ठेवली होती: कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी आई नीट जेवतात, दुपारी डोळा लागतो, संध्याकाळी आरडाओरडा नसतो. मशीन सुरू झालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "नुसत्या आवाजाने हा आजार होतो असं मी म्हणणार नाही. तेवढं ठामपणे आज कुणीच सांगू नये. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की सतत गोंगाटात ठेवलं तर मेंदूतल्या आठवणीच्या भागाचं जास्त नुकसान होतं. माणसांबद्दल अजून अभ्यास चालू आहे. पण तुमच्या आईंचं तुम्ही डोळ्यांनी बघताय ना? आपला मेंदू कामाचा आवाज घेतो, बिनकामाचा सोडून देतो. त्यांची ती गाळणीच फाटलीय. सगळं एकदम आत शिरतं. मग शरीर दिवसभर ताणलेलं राहतं, धोका समोर उभा असल्यासारखं. झोप लागत नाही. आणि झोपेतच तर मेंदू स्वतःची साफसफाई करतो."

"अहो, पण तिचा जन्म आवाजात गेला!" नवरा दवाखाना दणाणून म्हणाला. बाहेर बसलेलं एक मूल रडायला लागलं. "आणि तिला ऐकू तरी कुठे येतं धड!"

"तेव्हा मेंदू धडधाकट होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि कान अधू झाले की शब्द पोहोचत नाहीत, धक्के पोहोचतातच. मी आजार बरा होईल असं म्हणत नाही. त्रास कमी होईल, एवढं म्हणतेय."

सूनबाईला तेवढं पुरेसं होतं. तिने कंबर कसली.

पहिला बळी टीव्हीचा गेला. आईला एकटं वाटू नये म्हणून नवऱ्याने तो त्यांच्या खोलीत लावून दिला होता, तोही असा मोठ्याने की बातम्या पलीकडच्या इमारतीत कळाव्यात. या घरात सोबत म्हणजे आवाज, प्रेम म्हणजे आणखी मोठा आवाज, ही समजूतच पिढ्यांची. सूनबाईने टीव्ही गुंडाळून माळ्यावर टाकला. मिक्सर उचलून गच्चीवर नेला. दारावरची घंटा काढली, त्यामुळे दूधवाला बराच वेळ ताटकळला आणि शिव्या देऊन गेला. कपाटावरचे पेले खाली आले. जमिनीवर जाड सतरंज्या पडल्या. ताई म्हणाली, "हिला खूळ लागलंय." सूनबाई म्हणाली, "ताई, जरा हळू." ताईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हळू बोल म्हणालं होतं. ती दोन दिवस आली नाही.

याचा थोडा गुण आला, पण मोठी प्रेस काही ऐकेना. तिच्याखाली रबराच्या गाद्या घातल्या तरी ठोका भिंतीतून वर चढायचा. ती दुसऱ्या टोकाला हलवा म्हटलं तर नवरा अंगावर आला. तिचा पाया खणून घातलेला, ती काय कपाट आहे का सरकवायला? शेवटी घासाघीस होऊन ठरलं, की रोज दुपारी जेवणानंतर सगळी मशीनं थोडा वेळ थांबवायची. कामगारांनी तेवढ्यात झाकणं पुसून खोक्यात भरायची. आईला तेवढी निवांत झोप मिळेल.

पहिल्या दुपारी सूनबाईने पडदे ओढले, आईंना आडवं केलं, पायावर चादर घातली. खाली मोठ्या प्रेसचा शेवटचा ठोका पडला. तिचं जड चाक गरगरत मंदावलं आणि थांबलं. इतकी छान शांतता त्या घरात कामाच्या दिवशी भरदुपारी सूनबाईने पहिल्यांदाच ऐकली. तिला माहेरची आठवण आली.

आणि मुकादमबाई ताडकन उठून बसल्या.

"कोणाचा?" त्या ओरडल्या. "कोणाचा गेला?"

सूनबाई धरायला गेली, तर त्यांनी तिला असं ढकललं की ती भिंतीवर आपटली. त्या अनवाणी जिना उतरल्या, शेवटच्या पायऱ्यांवर घसरल्या, गुडघा फुटला, तशाच उठल्या. झाकणं पुसणाऱ्या पहिल्या कामगाराचे हात त्यांनी मनगटाला धरून ओढले, उलटेसुलटे केले. मग दुसऱ्याचे. "कोणाचा गेला? बोला ना रे! कोणाचा?" कुणाला काही कळेना. त्या प्रेसपाशी गेल्या, खाली वाकल्या, जमिनीवर काहीतरी शोधायला लागल्या आणि तिथेच बसून हमसून हमसून रडल्या.

संध्याकाळी ताई आली. गुडघ्याची पट्टी बघून तिने आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "तुझा हेतू चांगला होता," ती म्हणाली. "पण झालं ते झालं. मी पहिल्या तारखेला गाडी सांगते."

"मी म्हणत नव्हतो?" नवरा म्हणाला. "तिला आवाज लागतो. आवाज गेला की तिचं डोकं फिरतं."

सूनबाई तोंडावर आपटली होती, यात वाद नव्हता. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. पण घड्याळजीच्या पोरीचं डोकं एका जागी अडकलं होतं. आई घाबरल्या, हे खरं. पण त्या नुसत्या घाबरल्या नव्हत्या, त्या हात तपासत होत्या.

सकाळी मशीनं सुरू व्हायच्या आत ती खाली गेली आणि भोंग्याला गाठलं. भोंगा हा कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. त्याचं खरं नाव पगार देणाऱ्यालाही आठवत नसे. तो बोलला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची, म्हणून भोंगा.

"काका, भर कामात मशीनं बंद कधी पडायची, पूर्वी?"

भोंग्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बंद पडली तर एकच मशीन पडतं गं. सगळी एकदम थांबतात ती एकाच कारणानं. कुणाचा तरी हात सापडला की."

सूनबाईने प्रेसवर टेकलेला हात काढून घेतला.

"कितीदा झालं असं?"

"भर दुपारी सगळा कारखाना थांबला तो एकदाच." त्याने ऑफिसच्या दाराकडे बघितलं आणि, भोंग्याच्या हिशोबाने, कुजबुजला. "आपल्या शेठचा. मिसरूड फुटत होतं तेव्हा. मुकादमबाई समोर उभ्या होत्या. बोटं त्यांनीच शोधली, रुमालात घेतली. पण उपयोग झाला नाही."

नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत, हे सूनबाईला लग्नाआधीपासून माहीत होतं. तो हात त्याच्या खिशात असतो, हेही माहीत होतं. बोटं कुणी शोधली, ते मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"मग तेव्हापासून मुकादमबाईंनी नियमच केला," भोंगा म्हणाला. "मशीनं थांबली, जेवायला असो की घरी जायला, की सगळ्यांनी रांगेत उभं राहून दोन्ही हात वर करायचे. त्या एकेकाचे हात बघणार. सगळ्यांचे धड असले की म्हणणार, सुट्टी! त्यांनी सुट्टी म्हटल्याशिवाय एक माणूस दाराबाहेर जायचा नाही. नवीन पोरं हसायची. पण त्यानंतर कुणाचं बोट गेलं नाही, हे खरंय. पुढे मशीनला जाळ्या बसल्या, सुट्टीची घंटा आली, मुकादमबाईही थकून वर जाऊन बसल्या. मग राहिलं ते."

"आणि हे? हेही रांगेत असायचे?"

"शेठ? छे. ते मागे उभे राहायचे, खिशात हात घालून. मुकादमबाईंनी त्यांना कधी हात दाखव म्हटलं नाही. त्यांनीही दाखवला नाही."

सूनबाई वर गेली ती नवऱ्याला घेऊनच खाली यायचं ठरवून.

"उद्या पुन्हा मशीनं थांबवायची," ती म्हणाली. "पण आईंना आधी खाली आणायचं. सगळे हात दाखवतील. त्या सुट्टी म्हणतील. मग झोपवायचं. त्यांना शांतता नको आहे असं नाही हो. शांततेत कुणाला काय झालं ते कळत नाही, म्हणून त्या घाबरतात."

"कर काय करायचं ते."

"रांगेत तुम्हीही पाहिजे."

त्याचा हात खिशात आणखी आत गेला. "मी नाही येणार."

"का?"

"तिला ते बघायला लावू? परत?" तो इतक्या जोरात ओरडला की खाली काम करणाऱ्यांनी वर बघितलं. "त्या दिवशी तिचं तोंड मी बघितलंय. तू नाही बघितलंस. तिला एवढं सगळं विसरायला झालंय, ते एक तरी विसरू दे ना!"

सूनबाईला त्याची दया आली. पण दया करून भागणार नव्हतं.

"त्या विसरल्या नाहीत," ती म्हणाली. "काल त्या जमिनीवर बोटं शोधत होत्या. तुमचीच. त्यांना तुमचं नाव आठवत नाही, पण तुमचा हात त्या अजून शोधतायत. आणि तुम्ही तो खिशात घालून फिरा. पहिल्या तारखेला त्या गाडीत बसतील, आणि तिथे जाऊनसुद्धा शोधत बसतील."

ती उत्तरासाठी थांबली नाही, तिला कामगारांना सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सूनबाईने मुकादमबाईंच्या कानांवर जाड टोपी ओढली, हात धरला आणि मशीनं चालू असतानाच त्यांना खाली आणलं. ताई आलेली होती. तिच्या हातात आईच्या कपड्यांची बॅग होती, भरून तयार. "काय तमाशा चाललाय?" असं तिने विचारलं, पण गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही, ते एक बरं झालं.

सूनबाईने मुकादमबाईंना खांबापाशी, त्यांच्या जुन्या जागेवर उभं केलं आणि भोंग्याला मानेनं खूण केली. मशीनं एकामागून एक थांबली. शेवटी मोठी प्रेस. ठोका पडला, आणि पुढचा पडलाच नाही.

"कोणाचा?" मुकादमबाईंच्या तोंडून आवाज फुटला. डोळे मोठे झाले.

भोंग्याने दोन्ही हात वर केले. दहा बोटं पसरून. त्याच्या शेजारच्याने केले. मग सगळ्या रांगेने.

मुकादमबाई बघत राहिल्या. मग खांब सोडून निघाल्या. भोंग्याचे हात बघितले, तळवे, मग उलटी बाजू. मान हलवली. पुढच्याचे बघितले. एकाच्या नखाला काळं दिसलं तर अंगठ्याने घासून बघितलं, नुसतं तेल होतं, म्हणून त्याला चापट मारली. चालता चालता त्यांचे खांदे खाली आले. सूनबाई मागे उभी राहून स्वतःचीच बोटं मोडत होती.

रांगेच्या टोकाला नवरा होता. कधी येऊन उभा राहिला कुणास ठाऊक. एक हात वर, एक खिशात.

मुकादमबाई थांबल्या. "पाहुणे," त्या म्हणाल्या, "दुसरा."

त्याने मान हलवून नाही म्हटलं. मोठा बाप्या, पण ओठ लहान मुलासारखे वाकडे झाले होते. मुकादमबाई हलल्या नाहीत. सुट्टी द्यायच्या आधी त्यांनी एकही हात न बघता सोडला नव्हता, याचाही सोडणार नव्हत्या. फक्त याचाच इतकी वर्षं राहिला होता.

त्याने हात बाहेर काढला.

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. अर्ध्या बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकदा, पुन्हा. सूनबाईला वाटलं आता त्या किंचाळणार. ती पुढे सरकली. पण मुकादमबाईंनी मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"सापडलास," त्या म्हणाल्या. "दुखतं का रे बाळा अजून?"

नवऱ्याने सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या घरात कुणीच कधी बोललं नसेल इतक्या हळू तो म्हणाला, "नाही आई. आता नाही दुखत."

इतका हळू, की बहिऱ्या मुकादमबाईंना ते ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली.

ताईने बॅग खाली ठेवली. तीही पुढे आली आणि भावाच्या शेजारी उभी राहून तिने दोन्ही हात वर केले. मुकादमबाईंनी ते नीट तपासले. "ही आपल्याकडची नाही," त्या भोंग्याला म्हणाल्या, "पण हात धड आहेत. हिलाही सोडा." ताई हसली आणि त्याच वेळी तिचे डोळे भरून आले.

मग मुकादमबाईंनी सगळ्या कारखान्यावरून एकदा नजर फिरवली आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "सुट्टी!"

वर जाऊन त्या झोपल्या. खाली कामगार झाकणं पुसत होते आणि एकमेकांना खुणेने गप्प करत होते. ताई जिन्यात बसून होती.

संध्याकाळी मुकादमबाई उठल्या तेव्हा मुलगा चहा घेऊन गेला. "पाहुणे," त्या म्हणाल्या, "तुमचा चहा झाला का?" तो हो म्हणाला. कप त्याने उजव्या हाताने पुढे केला, आणि त्यांनी कप घेता घेता त्याची बोटं पुन्हा चाचपून बघितली. तो खाली गेला नाही. तिथेच त्यांच्यासमोर बसून रडला, आवाज न करता. सूनबाईने दार ओढून घेतलं आणि ताईच्या बॅगेतले कपडे काढून कपाटात लावायला घेतले. थोड्या वेळाने ताई आली आणि घड्या घालून द्यायला लागली. मोठी प्रेस दुसऱ्या टोकाला हलवायची तर तिचा पाया कुठून फोडायचा, हे नवऱ्याने भोंग्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं, उजव्या हाताने.